बाबांच्या डीटीपीच्या जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर लिहिलाय, कोड आणि होमपेज गिटहबवर कसं टाकू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

माझ्या बाबांचं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान होतं, १९९६ पासून. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, जत्रेची हँडबिलं, सगळं पेजमेकरमध्ये आणि सगळं जुन्या फॉन्टांत. दुकान बंद होऊन आता बरीच वर्षं झाली पण सीड्या आणि दोन हार्डडिस्क बाबांनी कपाटात जपून ठेवल्यात. त्या फाइली आज उघडल्या की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि कसलीकसली चिन्हं दिसतात, कारण त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं, तो फॉन्ट नसला की मजकूरच गेला. म्हणून मी वर्षभर रात्री बसून जावास्क्रिप्टमध्ये एक कन्व्हर्टर लिहिलाय, जुना मजकूर चिकटवायचा आणि युनिकोड मराठी बाहेर येतं. चार फॉन्टांचे तक्ते झालेत. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि सांगायचे की ही की दाबली की अर्धा श यायचा, ही दाबली की रफार, आणि मी लिहून घ्यायचे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं, ते बसवायलाच दोन महिने गेले.

आता मला हे सगळ्यांसाठी मोफत ठेवायचंय. आमच्या भागात असे कितीतरी जुने डीटीपीवाले आहेत ज्यांच्याकडे गावाचा सगळा कागद पडून आहे.

प्रश्न असे. कोड ठेवायला गिटहबच घ्यायचं का दुसरी कुठली साइट? रिपॉझिटरी आणि होमपेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का एकच? रिपॉझिटरी आधी प्रायव्हेट ठेवून नंतर पब्लिक करू का? नाव मराठीत देता येतं का? मला एचटीएमएल सीएसएस जावास्क्रिप्ट येतं पण गिट, म्हणजे गिटहबच्या मागचं बदलांची नोंद ठेवणारं साधन, फक्त कॉलेजात एकदा वापरलंय, आत्तापर्यंत तारीख घालून फोल्डरच्या कॉप्या ठेवत आलेय, अकरा कॉप्या आहेत. आणि खर्च शून्य हवा.

रात्रपाळी

ताई, आधी काम फार मोलाचं केलंत हे सांगतो, मग बाकीचं.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत पण एकाच ठिकाणी राहू शकतात. रिपॉझिटरी म्हणजे तुमचा कोड आणि त्याचा सगळा इतिहास, कुठल्या दिवशी काय बदललं ते सगळं. ती बघायला येणार तो कोड कळणारा माणूस. होमपेज म्हणजे कन्व्हर्टर वापरायला येणाऱ्या माणसाचं पान, त्याला कोडशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त चौकोनात मजकूर चिकटवायचाय. गिटहब पेजेस नावाची सोय आहे, ती तुमच्या रिपॉझिटरीतल्या फाइली उचलून वेबसाइट म्हणून दाखवते. तुमचं सगळं जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्येच चालतंय म्हणजे तुम्हाला सर्व्हर लागतच नाही. पीएचपी किंवा डेटाबेस असता तर पेजेसवर जमलं नसतं, तिथे फक्त स्थिर फाइली चालतात.

फुकट खात्यावर पेजेस फक्त पब्लिक रिपॉझिटरीचंच निघतं. प्रायव्हेट रिपॉझिटरी फुकट मिळते, २०१९ पासून, पण तिच्यावरून पेज काढायचं तर पैसे भरायला लागतात. म्हणजे होमपेज हवं असेल तर पब्लिकच.

रिपॉझिटरीचं नाव इंग्रजी अक्षरांत लागतं, छोटी लिपी आणि मध्ये आडवी रेघ असं ठेवा, म्हणजे फोनवर कुणाला सांगायला सोपं. खाली वर्णनाची एक ओळ असते ती मात्र मराठीत लिहा. पत्ता कसा होईल ते लक्षात घ्या: तुमचं युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ, मग स्लॅश, मग रिपॉझिटरीचं नाव. युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ याच नावाची रिपॉझिटरी केलीत तर स्लॅशच्या पुढचं काही लागत नाही, पण ती खात्याला एकच मिळते, ती पुढेमागे स्वतःच्या पानासाठी राहू द्या. युजरनेम विचार करून घ्या कारण तो पत्त्यात जाणार आणि एकदा लोकांनी पत्ता जपून ठेवला की बदलणं जिवावर येतं.

कमांड पाठ करायची गरज नाही, गिटहब डेस्कटॉप घ्या, विंडोजवर चालतं, लॉगिन ब्राउझरमधून होतं. हे मुद्दाम सांगतोय कारण कमांडवरून पुश करताना, म्हणजे कोड गिटहबवर चढवताना, खात्याचा पासवर्ड टाकून आता चालत नाही, ऑगस्ट २०२१ पासून बंद केलंय, टोकन किंवा एसएसएच की लागते आणि नवीन माणूस बरोबर तिथेच अडकतो. जुनी ट्युटोरियल बघत असाल तर त्यात मुख्य ब्रँचचं, म्हणजे कोडच्या मूळ धारेचं, नाव मास्टर दिसेल, आता नवीन रिपॉझिटरीत मेन असतं, घाबरू नका.

फोल्डर असे करा. वरच्या पातळीवर रीडमी, म्हणजे माहितीची फाइल, आणि लायसन्सची फाइल. डॉक्स नावाच्या फोल्डरात होमपेज आणि कन्व्हर्टर. चाचण्यांचा वेगळा फोल्डर. मग रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये पेजेस, तिथे डिप्लॉय फ्रॉम अ ब्रँच, मेन निवडा, फोल्डर डॉक्स, सेव्ह. काही मिनिटांत पान दिसायला लागतं, पहिल्या वेळी दहा मिनिटं धरून चाला आणि तोवर सेटिंग्ज हलवत बसू नका.

जुनं_कपाट

रात्रपाळी यांनी सांगितलं ते बरोबर, पण ताई पब्लिक करायच्या आधी कृपया थांबा आणि एक गोष्ट बघा.

तुम्ही कन्व्हर्टर तपासायला नमुने कुठले वापरले? बाबांच्याच फाइली असणार. त्यात लग्नपत्रिका आहेत म्हणजे दोन घरांची नावं, पत्ते, फोन नंबर. पतसंस्थेचे अहवाल आहेत म्हणजे कर्जदारांच्या याद्या असतील, थकबाकीदार असतील. त्या माणसांनी तुमच्या बाबांच्या दुकानावर विश्वास ठेवून कागद छापायला दिला होता, जगाला दाखवायला नाही. आणि जुना फॉन्ट असताना तो मजकूर निदान शोधून सापडत नव्हता, तुम्ही युनिकोड केलात की तो सर्चमध्ये यायला लागेल. म्हणजे जी गोष्ट इतकी वर्षं सीडीत झाकलेली होती ती तुमच्या चांगल्या कामामुळेच उघडी पडायची.

लोकांना वाटतं की नंतर फाइल डिलीट करू. गिटमध्ये तसं होत नाही. नवीन कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नव्या नोंदीत, फाइल काढलीत तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते, कुणीही इतिहास उघडून वाचू शकतो. इतिहासातून उपटून काढायला वेगळी साधनं आहेत, फिल्टर रेपो नावाचं आहे, पण ते वापरलं तरी तोवर कुणी क्लोन (स्वतःच्या कॉम्प्युटरवर प्रत) किंवा फोर्क (स्वतःच्या खात्यात प्रत) केलं असेल तर त्याच्याकडे प्रत राहतेच. मी एका ठिकाणी नोकरीला असताना ग्राहकांच्या यादीची फाइल अशीच चुकून पब्लिक रिपॉझिटरीत गेली होती, काढायला जेमतेम अर्धा तास लागला पण त्या अर्ध्या तासाचा हिशोब आजतागायत कुणाला देता आला नाही. तेव्हापासून मी हे ज्याला त्याला सांगत असतो.

तुम्ही अजून गिट सुरूच केलेलं नाही, हे फार बरं आहे. त्या अकरा कॉप्यांपैकी एकही फोल्डर तसाच्या तसा उचलू नका. नवा रिकामा फोल्डर घ्या, त्यात फक्त कन्व्हर्टर आणि तक्ते आणा. नमुने स्वतः रचा, आणि असे रचा की अवघड जागा सगळ्या येतील. दुसऱ्या, बऱ्याच, तऱ्हा, कुऱ्हाड, हे अर्ध्या चंद्राच्या र साठी. कीर्ती, वर्षी, आशीर्वाद रफारासाठी. स्थिती, शक्तिशाली, क्लिष्ट पहिल्या वेलांटीसाठी, कारण जोडाक्षरावर वेलांटी आली की ती सगळ्या जोडाक्षराच्या पुढे उडी मारून जायला हवी. ज्ञ, क्ष, श्र, द्ध, ह्म, ळ. ॲ विसरू नका, तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, जुन्या फॉन्टांत तो वेगवेगळ्या तुकड्यांनी जोडलेला असायचा.

खरे नमुने ज्या फोल्डरात ठेवाल तो रिपॉझिटरीच्या बाहेरच ठेवा. डॉट गिटइग्नोर फाइलमध्ये नाव टाकूनही चालतं पण बाहेर ठेवलं की चुकायला जागाच उरत नाही.

आणखी एक. प्रत्येक कमिटमध्ये तुमचा ईमेल लिहिला जातो आणि तो सगळ्यांना दिसतो. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये ईमेल खाजगी ठेवायची खूण आहे, ती केली की नोरिप्लायवाला एक पत्ता मिळतो, पहिल्या कमिटच्या आधीच तो गिटमध्ये घाला. दोन टप्प्यांचं लॉगिनही लगेच सुरू करा आणि त्याचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून बाबांच्या त्या कपाटातच ठेवा.

कृष्णाकाठची

जुनं कपाट काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आत्ता बघितलं, माझ्या चाचण्यांच्या फोल्डरात ३८ पत्रिका आहेत, सगळ्यांवर फोन नंबर, आणि एका पतसंस्थेची आख्खी सभासद यादी. मी ते सरळ टाकणार होते. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले की यातले निम्मे लोक अजून आपल्याला बाजारात भेटतात.

नवा फोल्डर केलाय. नमुन्यांची वाक्यं बाबा स्वतः रचतायत, जुन्या कीबोर्डवर.

खिळेजुळारी

होमपेजबद्दल मी लिहितो, ते माझं रोजचं काम आहे.

पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा एमआर अशी लिहा, लोक हिंदीचं एचआय तरी ठेवतात नाहीतर इंग्रजीच राहू देतात. त्याने खरंच फरक पडतो, काही फॉन्टांत मराठीचा ल आणि श वेगळा असतो आणि तो भाषा सांगितल्यावरच येतो, शिवाय स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला उच्चार नीट ऐकू येतो. कॅरेक्टर सेट यूटीएफ ८ हेडमध्ये अगदी वर लिहा, आणि तक्त्यांच्या फाइलीसुद्धा यूटीएफ ८ मध्येच सेव्ह झाल्यात ना ते बघा, जुन्या विंडोजचं नोटपॅड आपणहून तसं करत नसे.

फॉन्ट ‘मुक्त’ नावाचा घ्या, तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे फाइल स्वतःच्या रिपॉझिटरीत ठेवता येते, सोबत त्याची लायसन्सची फाइल ठेवायची. पण ज्या जुन्या फॉन्टांचे तक्ते तुम्ही केलेत त्यांच्या फॉन्ट फाइली मात्र अजिबात टाकू नका. त्या कंपन्यांनी विकलेल्या वस्तू आहेत. तक्ता तुमच्या कष्टाचा, फॉन्ट त्यांचा.

सीएसएसमध्ये ओळींचं अंतर १.६ ते १.८ ठेवा. इंग्रजी टेम्प्लेट उचललं की अंतर १.२ वगैरे असतं आणि मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो, वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्रास. लेटर स्पेसिंग मराठीला लावूच नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द भिंतीला तडा गेल्यासारखा दिसतो. माझे आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यांच्याकडे शिरोरेषा तुटलेली दिसली तर फर्मा परत खोलावा लागायचा, मी अजून त्याच सवयीने बघतो.

आता पानावर काय असावं. पहिल्याच पडद्यावर कन्व्हर्टर. स्वागत नको, प्रस्तावना नको. डीटीपीवाला माणूस कामाच्या मध्ये येतो. वरचा चौकोन, जुना मजकूर इथे चिकटवा. फॉन्ट निवडायची यादी. बटण, युनिकोड करा. खालचा चौकोन आणि कॉपी करा. त्याच्याच खाली ठळक अक्षरांत एक वाक्य, तुमचा मजकूर तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो, कुठेही पाठवला जात नाही. तुमच्या बाबतीत ते खरं आहे कारण सगळं ब्राउझरमध्ये चालतंय, आणि वरती जुनं कपाट यांनी जे लिहिलं ते वाचल्यावर तर हे वाक्य पानावर हवंच. ते खरं राहावं म्हणून पाहुणे मोजणारी बाहेरची स्क्रिप्ट वगैरे काही जोडू नका.

आणि इंटरनेट नसलेल्यांचा विचार करा. कितीतरी डीटीपीच्या मशीनवर नेट मुद्दाम ठेवत नाहीत. कन्व्हर्टरचा फोल्डर पेनड्राइव्हवर नेला आणि फाइलवर डबल क्लिक केलं तर चालला पाहिजे. तुम्ही तक्ते जेसन या डेटाच्या वेगळ्या फाइलीत ठेवून फेच कमांडने वाचत असाल तर वेबसाइटवर चालेल पण पेनड्राइव्हवरून क्रोम अडवेल, स्क्रिप्टला मॉड्यूल केलं असेल तरी तेच. तक्ते साध्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवा आणि साध्या स्क्रिप्ट टॅगने जोडा, म्हणजे दोन्हीकडे चालतं. फॉन्टही आपल्याच फोल्डरातून घ्या. मग गिटहबच्या रिलीजेसमध्ये त्याची झिप ठेवा आणि होमपेजवरून तिला लिंक द्या.

कृष्णाकाठची

सगळं केलं तसं. तक्ते आधी जेसनमध्येच होते, बदलले. काल रात्री पेजेस चालू केलं पण पान उघडलं की ४०४, म्हणजे पान सापडत नाही, असं येतंय. अर्धा तास थांबले, सकाळी परत बघितलं, तरी तेच. डॉक्स फोल्डर निवडलाय, मेन ब्रँच आहे, फाइल रिपॉझिटरीत दिसतेय. घरी लॅपटॉपवर डबल क्लिक केलं की व्यवस्थित चालतं. पत्त्याच्या शेवटी फाइलचं पूर्ण नाव लिहिलं तर पान येतं पण सगळा रंगढंग गेलेला, बटण दाबून काही होत नाही.

आणि गिटमध्ये मराठी नावाच्या फाइली विचित्र दिसतायत, उलटी तिरकी रेघ आणि ३४०, २४४ असले आकडे. फाइली खराब झाल्या का?

रात्रपाळी

रिपॉझिटरी उघडून बघितली, तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या चुका एकदम आल्यात म्हणून गोंधळ होतोय.

पहिली, फाइलच्या नावातला आय कॅपिटल आहे. विंडोजला मोठा आय छोटा आय सारखाच, पण पेजेसला इंडेक्स डॉट एचटीएमएल पूर्ण छोट्या लिपीतच हवं असतं. आता नुसतं विंडोजमध्ये नाव बदलून चालणार नाही, गिटला तो बदल जाणवतच नाही कधीकधी. गिट एमव्ही कमांडने बदला, नाहीतर सरळ गिटहबच्या वेबसाइटवर ती फाइल एडिटला उघडून नाव बदला आणि कमिट करा, मग डेस्कटॉपवर पुल करा, म्हणजे तो बदल तुमच्याकडे उतरेल.

दुसरी, तुमच्या पानात सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे पत्ते स्लॅशने सुरू होतायत. स्लॅशने सुरू झालेला पत्ता साइटच्या मुळापासून धरला जातो, आणि मूळ आहे युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ, तुमची साइट त्याच्या एक पायरी खाली रिपॉझिटरीच्या नावात आहे. म्हणजे ब्राउझर फाइल शोधायला चुकीच्या घरी जातोय. सुरुवातीचा स्लॅश काढा, नुसतं फाइलचं नाव ठेवा. त्याने पेनड्राइव्हवरचंही पक्कं होईल. तुमच्या लॅपटॉपवर चालत होतं ते बहुतेक जुन्या कॉपीतलं पान उघडत होता, स्लॅश असताना डबल क्लिकवरही रंग यायला नको होता, एकदा तपासा.

आता ते आकडे. फाइली शाबूत आहेत, काळजी नको. गिट मुळात इंग्रजीबाहेरच्या अक्षरांचे बाइट आकड्यांत लिहून दाखवतं, ३४० नि २४४ ही देवनागरी अक्षराच्या तीन बाइटांतली पहिली दोन. एक सेटिंग आहे, कोअर डॉट कोटपाथ, ते फॉल्स करा, की लगेच मराठी नावं दिसायला लागतील. पण डॉक्स फोल्डरातल्या फाइलींची नावं तरी इंग्रजीत ठेवा असं मी सुचवेन, कारण मराठी नाव लिंकमध्ये गेलं की एकेका अक्षराची नऊ नऊ चिन्हं होतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक चार ओळी लांब होते.

शिवाय अंडरस्कोरने सुरू होणारा फोल्डर दिसतोय मला एक, तक्त्यांचा. पेजेस मधून सगळं जेकिल नावाच्या प्रोग्रॅममधून जातं आणि तो अंडरस्कोरवाल्या गोष्टी वगळतो. एकतर नाव बदला नाहीतर डॉक्समध्ये डॉट नोजेकिल नावाची रिकामी फाइल ठेवा. मी म्हणेन दोन्ही करा.

अर्धविराम

लायसन्सचा विषय कुणी नीट घेतला नाही म्हणून लिहिते. लायसन्सची फाइल नसेल तर कोड पब्लिक असला तरी लोकांना तो बघता येतो, गिटहबवर फोर्क करता येतो, पण वापरायचा, बदलायचा, वाटायचा हक्क मिळत नाही, कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. तुमचा हेतू उलटा आहे. एमआयटी घेतलं तर कुणीही काहीही करेल, स्वतःच्या विकायच्या सॉफ्टवेअरातही घालेल, फक्त तुमचं नाव ठेवावं लागेल. जीपीएल घेतलं तर ज्याने बदलून वाटलं त्याने बदललेला कोडही उघडा ठेवायचा. तक्ते वाढत जावेत आणि सगळ्यांकडे परत यावेत असं वाटत असेल तर मी जीपीएल तीन म्हणेन. बाबांनी सांगितलेल्या प्रत्येक कीचा हिशोब त्यात आहे, तो कुणाच्या बंद डब्यात जाऊन बसला तर मला वाईट वाटेल. पण निर्णय तुम्हा दोघांचा, आणि दुसऱ्यांचे तक्ते यायच्या आधीच घ्या, नंतर बदलायचं तर प्रत्येकाला विचारावं लागतं.

दुसरं, गिटहबच का असं तुम्ही विचारलं होतं. गिटलॅबवरही पेजेस मिळतं, पण तिथे एक कॉन्फिगची फाइल लिहून द्यावी लागते, सुरुवातीला जड जातं. कोडबर्ग आहे, बर्लिनची ना नफा संस्था चालवते, फक्त मुक्त प्रकल्पांसाठी, मला स्वतःला ते मनापासून आवडतं. तरी लोक तुम्हाला सापडावेत म्हणून गिटहब ठीक आहे. फक्त एकाच जागेवर विसंबू नका. गूगल कोड एवढी मोठी जागा, २००६ ला सुरू झाली आणि जानेवारी २०१६ ला बंद. गिटोरियस २०१५ ला गेलं. गिटचं बरं असं की प्रत्येक क्लोनमध्ये सगळा इतिहास असतो. कोडबर्गवर याच नावाची रिकामी रिपॉझिटरी काढा, गिट रिमोट ॲड करून तिचा पत्ता जोडा, आणि महत्त्वाचा बदल झाला की दोन्हीकडे पुश करा. पाच मिनिटांचं काम आहे.

रीडमी मराठीत आधी आणि खाली इंग्रजीत, दोन्ही लिहा. कुठले फॉन्ट चालतात, त्यातल्या कुठल्या आवृत्ती, कुठे अजून चुकतं हे प्रामाणिकपणे लिहा. चुकतं कुठे ते लिहिलेलं असलं की मदत करणाऱ्याला हात कुठे घालायचा ते कळतं. आणि तक्रार कळवायला इश्यूज आहे खरं पण त्याला गिटहबचं खातं लागतं, तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे ते कुठून असणार, तेव्हा यासाठी एक वेगळा ईमेल काढून होमपेजवर ठेवा.

कृष्णाकाठची

चालू झालं!! इंडेक्सचा आय छोटा केला, स्लॅश काढले, दोन मिनिटांत पान आलं. रात्रपाळी दादा, तुमचं बरोबर होतं, मी कालपर्यंत दुसऱ्याच फोल्डरातलं पान उघडून बघत होते.

जीपीएल तीन घेतलंय. बाबांना दोन्ही समजावून सांगितलं, त्यांनी विचारलं की ज्याने सुधारलं तो आपल्याला दाखवणार का, मी म्हटलं वाटलं तर उघडं ठेवावंच लागेल, ते म्हणाले मग तेच घे. पहिल्या कमिटमध्ये फक्त कोड, तक्ते आणि बाबांची ६० वाक्यं आहेत. कोडबर्गवर पण टाकलं. फॉन्ट मुक्त, ओळीचं अंतर १.७.

बाबांच्या एका जुन्या सोबत्यांना लिंक पाठवली होती, त्यांनी लगेच स्वतःची एक स्मरणिका घालून बघितली आणि फोन केला की दऱ्या असं हवं तिथे दर्या येतंय. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झालाय! आमच्या तक्त्यात तो र आहे पण त्यांच्याकडे त्याच फॉन्टची जुनी आवृत्ती आहे, त्यात तो वेगळ्या कीवर दिसतोय. आता त्या आवृत्तीचा वेगळा तक्ता करू का त्याच तक्त्यात अट घालू?

जुनं_कपाट

वेगळा तक्ता करा. अट घातलीत तर पुढच्या आवृत्तीला अटीत अट जाईल. आणि तो र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, नुक्तावाला ऱ घेऊन पाय मोडून, किंवा साधा र, पाय मोडून पुढे न दिसणारा जोडक घालून. दिसायला दोन्ही सारखे पण शोधताना एक सापडतो एक नाही, आणि जोडक कॉपी करताना कधी गळूनही पडतो, मग परत दर्या. सगळीकडे पहिलीच पद्धत ठेवा आणि तसं रीडमीत लिहा.

दोन_रुपये_पान

ताई, मी विदर्भातला, अजून डीटीपीच करतो. तुमच्या यादीत नसलेल्या एका फॉन्टचा की चार्ट माझ्याकडे आहे, भिंतीला लावलेला असायचा तो, हाताने लिहिलेला, अर्धी पानं पिवळी झालीत. मला कोड येत नाही. फोटो काढून पाठवला तर चालेल का?

कृष्णाकाठची

दादा, नक्की पाठवा! होमपेजच्या तळाशी ईमेल टाकलाय त्यावर. फॉन्टची फाइल पाठवू नका, फक्त चार्टचा फोटो, आणि शक्य असेल तर त्या फॉन्टमध्ये टाइप केलेली चारपाच साधी वाक्यं, ज्यात कुणाचं नाव नंबर नाही अशी. त्यात बऱ्याच, कुऱ्हाड आणि आशीर्वाद हे शब्द असू द्या. तक्ता मी बसवते, कमिटमध्ये तुम्ही सांगाल ते नाव लिहीन. बाबा विचारतायत की तुमच्याकडे अर्धा श कुठल्या कीवर होता.